व्यंगचित्र: ओळीसह की ओळीविना?

एप्रिल 2016 मध्ये दुष्काळात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी (टाकीचे डबे), सुमारे पाच लाख लिटर. हाच विषय चितारायचा आहे असं धरू. चित्राखाली किंवा पात्राच्या तोंडी शब्दांची ओळ द्यावी का?

ओळीविना चित्रात रुळांवर दहा वाघिणी आणि फलाटावर त्याहून लांब घागरींची रांग, एवढं पुरतं. अक्षरओळख नसलेल्या आजीलाही ते उमगतं. अडचण पुढे येते: जबाबदार कोण, हे चित्र सांगत नाही आणि सगळं खापर पावसावर फुटतं. म्हणून घागरींमागे भरपूर पाणी पिणाऱ्या उसाचा फड काढला, तर लातूरकराला रोख लगेच कळतो. मुंबईकराला मात्र ते नुसतं हिरवं रान वाटतं.

ओळ असली की नेमकं बोट ठेवता येतं. ती आठ-दहा शब्दांत संपवावी. लांबली की मोबाइलवर अक्षरं बारीक होतात आणि चित्र मागे पडतं. खरा धोका वेगळाच. नेत्याच्या तोंडी घातलेलं वाक्य व्हॉट्सअ‍ॅपवर त्याचंच विधान म्हणून फिरतं, आणि हा सरळ अन्याय आहे. तेच वाक्य पाणी भरणाऱ्या बाईच्या तोंडी द्यावं. धार तीच राहते.

अर्कचित्रात, म्हणजे चेहऱ्याची ठेवण फुगवून काढलेल्या चित्रात, नाक वाढवलं तरी चालतं. जात, रंग, व्यंग यांना हात लावू नये. टीका निर्णयावर हवी.

पाण्यासारख्या गुंतागुंतीच्या प्रश्नाला आम्ही ओळच निवडू. श्रद्धांजलीच्या चित्राला ती नको. छापण्याआधी कच्चं रेखाटन दोघांना दाखवून विचारावं: रोख कुणावर आहे, आणि कशासाठी?