आटे पाडायला जी९२ की जी७६?

साकीनाक्याला किंवा अंधेरी एमआयडीसीत गाळा घेऊन जॉबवर्क करणाऱ्याकडे आज एम२० चे वीस बोल्ट येतात, उद्या स्टेनलेसचे दोनशे स्टड. फॅनुक कंट्रोलच्या सीएनसी लेथवर आटे (थ्रेड) पाडायचे तीन मार्ग, म्हणजे प्रोग्रॅममधले तीन कोड आहेत: जी३२, जी९२ आणि जी७६. जी३२ आधीच बाजूला ठेवा. त्यात प्रत्येक पासला (टूलच्या एका कापणाऱ्या फेरीला) आत जाणं, कापणं, बाहेर येणं, मागे फिरणं अशा चार ओळी लिहाव्या लागतात. वेगवेगळ्या पिचचे (पिच म्हणजे शेजारच्या दोन आट्यांमधलं अंतर) आटे सलग जोडायचे असतील तरच त्याच्या वाटेला जावं.

एम२० × २.५ घेऊ, म्हणजे २० मिमी व्यास आणि २.५ मिमी पिच. आट्याची खोली पिचच्या ०.६१३४ पट, म्हणजे १.५३४ मिमी, तळाचा व्यास १६.९३३. जी९२ मध्ये पहिल्या ओळीत एक्स (व्यास), झेड (आटा कुठे संपतो ते) आणि एफ२.५ (पिच) दिलं की पुढे नुसता एक्स लिहीत जायचं: १९.२, १८.६, १८.१, १७.७ असं तळापर्यंत. कुठल्या पासला किती घ्यायचं ते तुम्ही ठरवता. रिंग गेज (आटा तपासायचं कडं) चढलं नाही तर वेअर ऑफसेट (टूलच्या झिजेसाठी कंट्रोलमध्ये द्यायची दुरुस्ती) थोडा कमी करायचा, जी९२ ची पूर्ण ओळ लिहून शेवटचे दोन-तीन पास तेवढे परत मारायचे. मात्र जॉब चकमधून काढायचा नाही, आरपीएम आणि सुरुवातीचा झेड बदलायचा नाही. नाहीतर टूल जुन्या खाचेत बसत नाही.

जी७६ तेच काम दोन ओळींत उरकतं:

जी७६ पी०२१०६० क्यू५० आर०.०५
जी७६ एक्स१६.९३३ झेड-३० पी१५३४ क्यू४०० एफ२.५

वरच्या पी मध्ये दोन फिनिश पास, शेवटी एका पिचएवढं तिरकं बाहेर येणं आणि ६० अंशांचा कोन. खालच्या पी-क्यू मध्ये खोली आणि पहिला कट, दोन्ही मायक्रॉनमध्ये, पॉइंट न देता. नवीन पोरं नेमकी इथेच अडखळतात. शिवाय जुन्या काही कंट्रोलवर जी७६ एकाच ओळीचं असतं, तिथे हा प्रोग्रॅम जसाच्या तसा चालत नाही.

एवढं करून जी७६ का शिकायचं? जी९२ मध्ये टूल सरळ आत घुसतं, इन्सर्टच्या (टूलला लावलेल्या कापणाऱ्या तुकड्याच्या) दोन्ही धारा एकदम कापतात. एमएस (साधं पोलाद) किंवा पितळेत, १.५ पर्यंतच्या पिचला ते खपून जातं. स्टेनलेसमध्ये मोठी पिच आली की टूल किंचाळतं आणि इन्सर्टची कड उडते. जी७६ आट्याच्या उतारावरून सरकत उतरतं, भार मुख्यतः एका धारेवर येतो आणि प्रत्येक पासची खोली आपोआप कमी होत जाते. पण गेज चढलं नाही की सगळी सायकल पहिल्यापासून, बरीचशी हवेत!

म्हणून माझं मत: पाच-पन्नास नग, बारीक पिच, एमएस असेल तर जी९२. पिच २ किंवा जास्त, स्टेनलेस, मोठी ऑर्डर असेल तर जी७६, मग सेटर कितीही कुरकुरला तरी.

कोणतंही घ्या, जी९७ (आरपीएम एकच ठेवणारा कोड) लागतंच. जी९६ वर व्यासाप्रमाणे आरपीएम बदलत राहतो. १००० आरपीएमला २.५ ची पिच म्हणजे टूल मिनिटाला २५०० मिमीने धावतं. वेग पकडायला त्याला जॉबपुढे तीन-चार पिच मोकळी जागा द्या, नाहीतर पहिले आटे चुकीच्या पिचचे पडतात.

ड्रॉइंगवर दोन स्टार्टचा आटा (शेजारीशेजारी फिरणाऱ्या दोन खाचा) असेल तर जी९२ सोपं: एफ मध्ये पूर्ण लीड (एका फेऱ्यात आटा पुढे सरकतो ते अंतर) द्यायची आणि दुसऱ्या स्टार्टला क्यू१८००००, म्हणजे १८० अंश. जी७६ मध्ये क्यू आधीच कटासाठी वापरलेला असतो, तिथे सुरुवातीचा झेड एक पिच सरकवावा लागतो.