पाँड डाय म्हणून गळ्यात मारलेली नीळ

गुहागर, दापोली पट्ट्यात कुणी पोत्यातून 'पाँड डाय', म्हणजे शेवाळ रोखायला तळ्याच्या पाण्यात टाकायचा रंग, विकायला आलं तर दारातूनच परत पाठवा.

शिमगा आटोपला की आमच्या शेततळ्यात शेवाळ धरतं. ठिबकच्या फिल्टरमध्ये हिरवे धागे अडकतात, रोजची कटकट. नेमका तेव्हाच हा विक्रेता टेम्पो घेऊन वाडीत आला. "काका, परदेशी माल. ऊन खाली जाऊच देत नाही, शेवाळ मरतं, जलपर्णीसुद्धा. एकदा टाका, वर्षभर बघायला नको." दहा किलोचं पोतं, चार हजार रुपये. बिल म्हणे व्हॉट्सॲपवर पाठवतो.

मुळात कल्पना खोटी नाही, म्हणूनच माणूस गळाला लागतो. खरा डाय म्हणजे मुख्यतः ॲसिड ब्लू 9 आणि थोडा ॲसिड यलो 23. खाण्याच्या रंगांतले ब्रिलियंट ब्लू आणि टार्ट्राझिन ते हेच. ते पाण्यात पूर्ण विरघळतात आणि वनस्पतींना लागणारा तांबडा-निळा प्रकाश अडवतात.

आम्ही पोतं घेऊन तळ्यात टाकलं, पण निळं झालेलं पाणी आठवड्यात निवळलं. तळ्याच्या प्लास्टिकच्या कागदावर निळा साका, शेवाळ जिथल्या तिथे, वर ड्रिपर तुंबले ते वेगळंच. उरलेली भुकटी काचेच्या बरणीत कालवून रात्रभर ठेवली. सकाळी वर नितळ पाणी, तळाला निळा गाळ. शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी त्या गाळावर लिंबू पिळलं; रंग फिका पडत गेला आणि सडक्या अंड्यांचा वास सुटला. कपड्यांची नीळ, दुसरं काय! ती विरघळत नाही, आम्लात टिकत नाही.

बाकीच्या थापाही ऐकून ठेवा. जलपर्णी पाण्यावर तरंगते, तिला वरून ऊन मिळतंच. दोन फुटांपेक्षा उथळ पाण्यात खऱ्या डायचाही फारसा उपयोग नाही. आणि वर्षभर टिकणार कसा? इथे पावसाळ्यात तळं भरून सांडव्यावरून वाहतं, रंग त्याबरोबर ओढ्याला. मात्राही बघा: तयार द्रावण दहा लाख लिटरला साधारण एक लिटर. पोतं लागतंच कशाला? रोहू-कटला असतील तर खऱ्या डायबद्दलही दहादा विचार करा. माशांचं खाद्य असलेल्या प्लवकांनाही ऊन लागतं, आणि तण एकदम मेलं तर कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खेचून घेतं.

घटकांची नावं छापलेलं लेबल आणि पक्कं बिल नसेल तर पैसे देऊ नका. विक्रेत्याचा फोन बंद आहे. ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवली आहे. यूपीआयची पावती तेवढी हाताशी होती.