बोर्ड-अँड-पिलर की लाँगवॉल : कोळशाच्या भूमिगत खाणीत सुरुवात कुठे करावी?

नागपूर-चंद्रपूरकडे मायनिंगची पदविका किंवा पदवी हातात आली की ओपनकास्ट की अंडरग्राउंड, हा पहिला प्रश्न. खाली उतरायचंच असं ठरलं की पुढचा प्रश्न जास्त अवघड असतो. वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्स) एखाद्या जुन्या बोर्ड-अँड-पिलर खाणीत, म्हणजे कोळशाचेच खांब ठेवून मधले बोगदे खोदतात तिथे, उमेदवारी करायची, की तेलंगणातल्या रामगुंडमजवळच्या, सिंगरेणी कंपनीच्या अड्रियालासारख्या लाँगवॉल प्रकल्पात, जिथे यंत्र कोळशाची एक लांब भिंत सलग कापत जातं? पगार, क्वार्टर, घरापासूनचं अंतर यांवर सल्ला देणारे पुष्कळ भेटतील. मी खडकापासून सुरुवात करतो, कारण या दोन पद्धतींत निवड माणूस करत असला तरी ती त्याला करायला लावतात छत आणि खोली.

वर्धा खोरं आणि गोदावरी खोरं हा एकाच गोंडवाना पट्ट्याचा भाग. दोन्हीकडचा कोळसा बाराकार थरांतला, पर्मियन काळातला, म्हणजे २५ कोटी वर्षांहून जुना. वर कामठी वालुकाश्म असतो, आणि आपल्याकडे काही ठिकाणी त्याच्याही वर काळा पाषाण. कामठीचा खडक पाणी धरून ठेवतो, त्यामुळे या भागात पंप बंद पडणं ही किरकोळ गोष्ट नसते. आणखी एक स्वभाव लक्षात ठेवायचा : जाड, अखंड वालुकाश्म खालचा आधार काढला तरी लगेच पडत नाही. तो लोंबकळत राहतो आणि पडतो तेव्हा एकदम मोठ्या क्षेत्रावर पडतो. खाणीतले बरेचसे निर्णय या एका स्वभावाभोवती फिरतात.

आता खोली. खडकाचं वजन घनमीटरला साधारण अडीच टन धरा. ४०० मीटरवर प्रत्येक चौरस मीटरवर हजार टन भार येतो. बोर्ड-अँड-पिलरमध्ये तो भार कोळशाचेच खांब पेलतात, म्हणून खोली वाढली की खांब मोठे ठेवावे लागतात. कोल माइन्स रेग्युलेशन्समधला तक्ता परीक्षेसाठी सगळेच पाठ करतात, पण त्यातून निघणारा अर्थ फार थोडे जण मांडून बघतात. ४.८ मीटर रुंदीच्या गॅलरीला (खांबांमधल्या बोगद्याला) ६० मीटर खोलीपर्यंत दोन खांबांच्या मध्यांतलं अंतर किमान १९.५ मीटर हवं. ३६० मीटरच्या खाली तेच ४८ मीटर. गणित केलं तर उथळ खाणीत नुसत्या डेव्हलपमेंटमध्ये (गॅलऱ्या खोदण्याच्या टप्प्यात) ४३ टक्के कोळसा हाती येतो, खोल खाणीत जेमतेम १९ टक्के. उरलेला खांबांत अडकतो. वर गाव, नदी किंवा रेल्वे असेल तर वाळू भरल्याशिवाय त्या खांबांना हातही लावता येत नाही, आणि कित्येक खाणींत ते तसेच उभे राहिले आहेत.

लाँगवॉल लागते ती इथे. अड्रियालात २०१४ मध्ये उत्पादन सुरू झालं. फेस (कोळसा कापायची भिंत) २५० मीटर लांबीचा, पॅनल (एका फेसने काढायचा कोळशाचा पट्टा) दोन किलोमीटरहून लांब, आणि सुमारे सहा मीटर जाडीच्या थरातून साडेतीन मीटर उंचीची कापणी. छताखाली १४६ पॉवर्ड सपोर्ट (हायड्रॉलिक आधार), प्रत्येकाची क्षमता ११५२ टन. शिअरर (कापणीचं यंत्र) एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे कापत जातो, कोळसा साखळीच्या कन्व्हेयरवर पडतो, सपोर्ट एकामागून एक पुढे सरकतात आणि मागचं छत गोफमध्ये (कोळसा काढलेल्या मोकळ्या जागेत) कोसळू दिलं जातं. एका फेरीत ८० सेंटीमीटर खोल कापणी धरली तर हजार टनांच्या आसपास कोळसा निघतो. जुन्या खाणीत एक एसडीएल (सुटलेला कोळसा भरणारं यंत्र) दिवसभरात शे-दीडशे टन काढतं. उत्पादनाची तुलना इथेच संपते.

शिकण्याची मात्र संपत नाही. बोर्ड-अँड-पिलरचा फेस म्हणजे एकामागून एक येणारी कामं : ड्रिलिंग, खाणीत वापरायला परवानगी असलेली स्फोटकं भरणं, शॉट (स्फोट), धूर जाईपर्यंत थांबणं, मग छताची तपासणी. मायनिंग सरदार (फेसच्या सुरक्षेवर देखरेख करणारा) एका हाताचा पंजा छताला सपाट टेकवतो आणि दुसऱ्या हातातल्या सळईने बाजूला ठोकतो. छत पक्कं असेल तर टणक आवाज येतो. सुटलेलं असेल तर आवाज भदभदतो आणि पंजाखाली खडक थरथरलेला कळतो. मग सैल कपार पाडायची, रूफ बोल्ट मारायचे आणि त्यानंतरच एसडीएल आत घ्यायचा. हे सगळं तुमच्या डोक्यापासून हातभर अंतरावर घडतं. डिपिलरिंग, म्हणजे उभे ठेवलेले खांब काढणं, सुरू झालं की आणखी पुढचा धडा मिळतो. खांब कापत मागे हटताना गोफच्या कडेला लाकडी बल्ल्या कुरकुरायला लागतात, बाजूची भिंत पापुद्रे सोडते आणि माणसं मागे कधी घ्यायची हे तुम्हाला ठरवावं लागतं. लाँगवॉलवर हीच माहिती सपोर्टच्या पायातल्या दाबाच्या आकड्यांतून येते. आकडे जास्त नेमके असतात, यात शंका नाही, पण छत त्या आधी ओळखीचं असेल तरच ते वाचता येतात.

सुरक्षिततेबाबत दोन्ही बाजूंना अर्धवट समजुती आहेत. जुन्या खाणीत माणसं फेसवर जास्त, त्यामुळे छत पडण्याचा धोका रोजचा. लाँगवॉलमध्ये फेसवरची माणसं सपोर्टखाली असतात, हा फार मोठा फायदा. पण अंदाज चुकला तर फटका एकदम बसतो. १९९०मध्ये चरचा आणि १९९७मध्ये कोट्टाडीह या खाणींत वरचा टणक खडक एकदम बसला आणि लाँगवॉल फेस चिरडले गेले. त्या छताच्या मानाने सपोर्ट कमी क्षमतेचे होते. आणि सपोर्टखालची जागा म्हणजे सगळी खाण नव्हे : मार्च २०२२मध्ये अड्रियालातच कोसळलेल्या खडकाखाली तीन जण मरण पावले.

आगीकडेही बघायला हवं. आपल्या पट्ट्यातला कोळसा हवा लागली की आपोआप तापतो. डिपिलरिंगमध्ये गोफमध्ये कोळसा बराच उरतो, म्हणून पॅनल लहान आखून, तो तापण्याआधी काढून सील करतात. लाँगवॉलचं पॅनल तसं लहान ठेवता येत नाही. तिथे वेगच संरक्षण देतो. यंत्र बिघडून फेस आठवडे थांबला की मागे कार्बन मोनॉक्साइड वाढू लागतो आणि नायट्रोजन सोडायची वेळ येते. म्हणून लाँगवॉलवर मेकॅनिकल-इलेक्ट्रिकलचा माणूस मायनिंगवाल्याइतकाच सुरक्षेचा माणूस असतो.

मधला मार्गही आहे : कंटिन्युअस मायनर. पद्धत बोर्ड-अँड-पिलरचीच, पण ड्रिलिंग-ब्लास्टिंग जातं. छत्तीसगडातल्या चिरमिरीच्या अंजन हिल खाणीत २००२मध्ये हे यंत्र देशात पहिल्यांदा आलं. जुन्या खाणींचं पुढचं रूप बहुधा हेच असेल.

माझं मत स्पष्ट आहे. मायनिंगच्या मुलामुलींनी पहिली दोन वर्षं बोर्ड-अँड-पिलरमध्ये काढावीत, पण जिथे डिपिलरिंग चालू आहे अशाच खाणीत. नुसतं डेव्हलपमेंट किंवा फक्त पाणी उपसणं चालू असेल तर काही महिन्यांनंतर नवं काही मिळत नाही. त्यानंतर लाँगवॉलची संधी आली तर घर लांब आहे म्हणून सोडू नये, कारण उथळ कोळसा ओपनकास्ट संपवत आणणार आणि उरलेला बराचसा खोलवर आहे. मेकॅनिकल-इलेक्ट्रिकलवाल्यांनी मात्र थेट लाँगवॉलकडे जावं. हायड्रॉलिक्स आणि ऑटोमेशन शिकायला त्याहून चांगली जागा नाही. मुलींसाठी २०१९च्या अधिसूचनेने तांत्रिक आणि देखरेखीच्या कामांसाठी दिवसा खाली उतरण्याची वाट मोकळी केली, तेव्हा त्यांनी हा विचार वर्कशॉपपुरता ठेवू नये.

रुजू होण्याआधी खाणीच्या सर्व्हे ऑफिसात जाऊन प्लॅन बघायला मागा. किती डिस्ट्रिक्टमध्ये (खाणीच्या विभागांत) डिपिलरिंग आहे, वर काय आहे, शेजारच्या जुन्या कामांत पाणी साठलंय का आणि मागचं पॅनल सील करायला किती दिवस लागले, हे चार प्रश्न विचारा. उत्तरं द्यायला सर्व्हेअरने प्लॅन टेबलावर पसरला, तर त्या खाणीत तुम्हाला शिकवणारी माणसं आहेत.