एसएसएमएसचा टेबल डिझायनर: प्रायमरी कीची लांबी वाढवायला कितपत भरवशाचा?

सोलापुरात चाटी गल्लीतलं होलसेल दुकान असो की अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना, बिलिंगमध्ये आयटम कोडलाच प्रायमरी की (टेबलातली प्रत्येक नोंद वेगळी ओळखणारा कॉलम) करून ठेवलेलं असतं, तेही कॅर(६), म्हणजे ठरलेली सहा अक्षरं. डिझाइन, रंग, साइझ कोंबता कोंबता सहा अक्षरं संपतात. मग एसएसएमएस, म्हणजे मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर डेटाबेस हाताळायचा प्रोग्रॅम, त्यातल्या टेबल डिझायनरमध्ये ६ चे १० करायचे नि सेव्ह मारायचं, एवढंच काम वाटतं.

डिझायनरची एक गोष्ट खरंच चांगली: त्या कीवर फॉरेन की असलेली (म्हणजे तोच कोड वापरून तिला जोडलेली) टेबलंही बदलावी लागतील, हे तो आधीच दाखवतो. पण सेव्ह अडतं, कारण टेबल नव्याने बनवावं लागेल असे बदल तो मुळातच रोखतो. ऑप्शन्समध्ये जाऊन ही रोखणारी टिक काढली की तात्पुरतं टेबल तयार, सगळा डेटा त्यात कॉपी, जुनं ड्रॉप (काढून टाकणं), मग नाव बदल. विक्रीचं टेबल मोठं असेल तर ३० सेकंदांचा डिफॉल्ट टाइमआउट आडवा येतो. एसक्यूएल सर्व्हरच्या फुकट आवृत्तीवर, एक्सप्रेस २०२२ वर, तर डेटाबेसला १० जीबीचीच मर्यादा. सहा जीबीच्या टेबलाची दुसरी प्रत मावणार कुठे? चेंज ट्रॅकिंग (कुठल्या नोंदी बदलल्या याची नोंद ठेवणारी सोय) चालू असेल तर तीही माहिती जाते.

म्हणून डिझायनरकडून फक्त चेंज स्क्रिप्ट (बदलाच्या कमांडची यादी) काढून घ्या, कुठली टेबलं अडकलीत ते बघा नि काम हाताने करा. बॅकअप घ्या, सगळ्यांना बिलिंगमधून बाहेर काढा. आधी फॉरेन की ड्रॉप, मग प्रायमरी की, आणि त्या कॉलमवरचे बाकीचे इंडेक्सही (शोध जलद करणाऱ्या सूची). नाहीतर ‘या कॉलमवर दुसरं काही अवलंबून आहे’ सांगणारा ५०७४ एरर ठरलेला. मग मुख्य टेबलात आणि प्रत्येक चाइल्ड टेबलात (फॉरेन कीने जोडलेल्या) ऑल्टर कॉलम, म्हणजे कॉलम बदलायची कमांड. मुख्य टेबलात नॉट नल (रिकामं चालणार नाही) लिहायला विसरलात तर कॉलम नल, म्हणजे रिकामी किंमत, घ्यायला लागतो आणि प्रायमरी की परत बसत नाही. लांबी दोन्हीकडे तंतोतंत सारखी हवी. फॉरेन की विथ चेकनेच (जुना डेटाही तपासून) जोडा.

कॅर(१०) पेक्षा व्हारकॅर(१०), म्हणजे दहापर्यंत लागतील तेवढीच अक्षरं, बरं. नाहीतर जुन्या सहा अक्षरी कोडांमागे चार स्पेस लागतात आणि बारकोडची लेबलं बिघडतात.

या कामासाठी डिझायनरला पाचपैकी अडीच. स्टोअर्ड प्रोसीजरकडे (डेटाबेसमध्ये साठवलेल्या छोट्या प्रोग्रॅमकडे) तो ढुंकूनही बघत नाही. तिथलं कोड घेणारं पॅरामीटर कॅर(६) राहिलं तर दहा अक्षरी कोड एररशिवाय सहावर कापला जातो आणि बिलावर भलतीच चादर चढते.