विद्यापीठाच्या आवारात लॉन की सावलीचा चौक?

दोन इमारतींमधली मोकळी जागा म्हटली की आराखड्यात आधी लॉन येतं. सोलापुरात मात्र हिशेब एप्रिल-मेचा धरावा. परीक्षांचे दिवस, पारा चाळिशीपार, आणि दुपारी लॉनवर चिटपाखरू नसतं.

आधी पाणी. 1,000 चौरस मीटर हरळीला भर उन्हाळ्यात रोज साधारण 5 मिलिमीटर, म्हणजे 5,000 लिटर पाणी लागतं. तेवढ्याच जागेत झाडांच्या सावलीचा चौक केला तर 7 मीटर अंतरावर 20 झाडं बसतात. पहिली दोन वर्षं प्रत्येकी 40 लिटर, आठवड्यातून दोनदा ठिबकने दिलं, तर आठवड्याचे होतात 1,600 लिटर. शिवाय बोअरच्या खाऱ्या पाण्याने लॉनवर पांढरा थर धरतो, आणि भरावाच्या मातीतून लव्हाळा, हे जमिनीखालच्या गाठींतून पुन्हा फुटणारं तण, आला की खुरपून हात टेकायची पाळी येते. माती पसरून तीन आठवडे नुसतं पाणी द्यावं, उगवलेला लव्हाळा गाठींसकट काढावा, मगच हरळी लावावी.

लॉनची खरी जमेची बाजू एकच: दोन-तीन महिन्यांत ते तयार होतं. झाडांची बसण्याजोगी सावली पडायला पाच-सहा वर्षं जातात. तोवर हिरव्या जाळीचा मांडव घालावा लागतो.

झाडं निवडताना फुलांवर भुलू नये. बहावा ऐन उन्हाळ्यात फुलतो, पण तेव्हा अंगावर पानं जवळपास नसतात. गुलमोहर वादळात उन्मळतो. कडुनिंब आणि करंज एप्रिलपर्यंत नव्या पालवीने भरतात. खड्डा 1 मीटर लांब-रुंद-खोल. खाली कडक मुरूम लागला तर तो पहारीने फोडावा, नाहीतर मुळं कुंडीत अडकल्यासारखी गोल फिरतात. लागवड जुलैत करा, पण ठिबक आधी जोडा: इथे पावसाचा भर सप्टेंबरात, मधला खंड रोपं मारतो.

चौकाची जमीन हा नाजूक भाग. काळ्या मातीवर थेट पेव्हर ब्लॉक बसवले तर माती फुगते, आकसते आणि दोन पावसाळ्यांत फरसबंदी लाटांसारखी होते. निदान 45 सेंटिमीटर काळी माती काढून 15-15 सेंटिमीटरच्या थरांत मुरूम भरावा, पाणी मारून रोलर फिरवावा. वर मुरूमच ठेवला तर उत्तम, पण 60 मीटरला 1 मीटर उतार हवाच, नाहीतर चिखल. व्हीलचेअरसाठी दीड मीटर रुंदीचा शहाबादी फरशीचा पट्टा दारापासून दारापर्यंत घ्यावा. पार बांधताना खोडाभोवती मीटरभर माती उघडी सोडावी.

दर्शनी भागात, प्रशासकीय इमारतीसमोर 150-200 चौरस मीटर लॉन ठेवायला हरकत नाही. तिथे तसंही कोणी बसत नाही.