मुलाची थकलेली पोटगी: वांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयातली वसुली
पोटगीचा आदेश हातात पडला म्हणजे पैसे आले असं नाही. बीकेसीतल्या (वांद्रे-कुर्ला संकुलातल्या) न्यायालयात वसुलीचा अर्ज वेगळा करावा लागतो. यंत्रणेला दात आहेत, पण ढकलल्याशिवाय ती हलत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम 144 खालची, म्हणजे पोटगीच्या कलमाखालची, थकबाकी देय तारखेपासून 1 वर्षाच्या आत मागा, नाहीतर त्या महिन्यांचं वसुलीचं वॉरंट निघत नाही. अर्जाला आदेशाची प्रमाणित प्रत, खातेउतारा आणि थकबाकीचा महिनावार तक्ता जोडा. बापाचा पत्ता जुना असला की वॉरंट परत येतं, म्हणून त्याच्या नोकरीचं ठिकाणही लिहा. वॉरंटनंतरही थकवलं तर दर थकीत महिन्यामागे 1 महिन्यापर्यंत कैद. (कैद भोगून थकबाकी फिटत नाही, हे बापांना उशिरा कळतं!) विधी सेवा प्राधिकरणाचा वकील महिला-मुलांना मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही.