टोमॅटोच्या रोपांना कोकोपीट घेताय? पिशवीवर ईसी बघा आधी

जालन्याच्या मोंढ्यातून टोमॅटोची रोपं करायला पाच किलोची कोकोपीटची वीट आणली होती, रोपं आता रानात लागली, म्हणून लिहितोय. पाचपैकी चार स्टार. चांगलं आहे, घ्या, पण पिशवीवर 'वॉश्ड' म्हणजे धुतलेलं, नाहीतर 'लो ईसी' लिहिलेलं असेल तरच, नसता त्या पैशात गांडूळखत आणलेलं परवडलं.

ईसी म्हणजे त्यातल्या क्षारांचं माप हो. कोकोपीट म्हणजे नारळाच्या सोडणातनं काथ्या काढून उरलेला भुसा, येतो जास्त करून तामिळनाडू-केरळकडनं, आणि किनाऱ्याकडं सोडणं खाऱ्या पाण्यात कुजवत ठेवतात त्यामुळं सोडियम, पोटॅश, क्लोराईड सगळं त्यात मुरलेलं असतं. ज्यांच्याकडं गोड पाणी आहे त्यांचं भागून जात असेल पण आपल्याकडं बोअरचं पाणी आधीच असं की बादलीला आतनं पांढरं चढतं, त्यात अजून खारं कोकोपीट म्हटल्यावर त्या दोन पानाच्या रोपानं करायचं काय. याच्या आधी दुसऱ्या एका दुकानातनं सुटं पोतं आणलेलं, नाव घेत नाही, तर उगवण मागंपुढं झाली, रोपाच्या ट्रेच्या कपांवर पांढरा थर धरला आणि पानाच्या कडा करपल्या. दुकानदार म्हणे बीच खराब आहे! त्याच पाकिटातलं बी घरामागं गांडूळखत न् मातीत टाकलेलं ते मस्त वर आलं होतं, आता बोला.

तर या विटेचं सांगतो. पाण्यात टाकली की फुगत जाते, साठ-सत्तर लिटर माल होतो, म्हणजे ९८ कपाचे वीसेक ट्रे आरामात. आरओ दुरुस्तीवाल्याकडं असतो ना पाण्यातले क्षार मोजायचा टीडीएसचा पेन, तो मागून आणला आणि भिजवून पिळलेलं पाणी मोजलं. घालायच्या आधी पाण्याचा आकडा आणि पिळून निघालेल्या पाण्याचा आकडा यात फार फरक नसला की माल धुतलेला समजायचा. हिच्यात थोडा फरक होता, गोणपाटात बांधून एकदा परत धुतली, झालं काम. सुट्या पोत्याचं पाणी मोजलं तर पेनचा आकडा कुठल्या कुठं गेला, आणि रंग चहासारखा.

नुसत्या कोकोपीटमध्ये खायला काही नसतं हे दुकानात कोणी सांगत नाही. तीन वाटे हे आणि एक वाटा चाळलेलं गांडूळखत, वरनं ट्रायकोडर्मा म्हणजे रोग दाबणारी मित्रबुरशी, किंवा परभणीच्या कृषी विद्यापीठाचं बायोमिक्स हे तसलंच जिवाणू-बुरशीचं मिश्रण मिळालं तर ते, कारण टोमॅटोचं रोप बुडात बारीक पडून आडवं होतं ती मर सगळ्यात जास्त ओल धरलेल्या ट्रेमध्येच येते. परलाईट पण टाकतात लोक, मला गरज वाटली नाही. ओल बघायची ती मुठीत घट्ट दाबून, दोन-चार थेंब आले तर ठीक, धार लागली तर पसरून ठेवा जरा. बी अर्धा-एक सेंटीमीटर खोल, मग ट्रे एकावर एक रचून प्लास्टिक गुंडाळून ठेवायचे, आणि तिसऱ्या दिवसापासनं रोज उघडून बघायचं बरका, कोंब दिसला की लगेच ट्रे सुटे करून शेडनेटमध्ये. एक दिवस उशीर झाला तरी रोपं नुसती लांबट पिवळी होतात मग ती काय सुधारत नाहीत. खरी पानं आली की १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला दोन-तीन ग्रॅम.

आमचे तात्या म्हणतात एवढा खटाटोप कशाला, काळ्या मातीवर होतच होती की रोपं. होत होती, पण गादीवाफ्यावर, शेणखत वाळू घालून. तीच माती ट्रेच्या एवढ्याशा कपात भरली की पाणी दिलं तर चिखल आणि वाळली तर ढेकूळ, रोप उपटायला गेलं की देठ हातात अन् मुळ्या कपात. कोकोपीटचं सुख खरं इथं कळतं, कपाच्या बुडातनं बोटानं ढकललं की पांढऱ्या मुळ्यांच्या जाळीसकट अख्खा गड्डा वर येतो, सांडत नाही, लावणीला बाया पण खूष. दहा ग्रॅमच्या पाकिटात तीन हजाराच्या वर बी असतं हे खरं पण हायब्रीडचे भाव बघता दर रोपाला जीव लावावा लागतो.

ऑनलाईन तयार मिसळलेलं रेडीमिक्स पण मागवून बघितलं, वाईट नाही, पण गॅलरीत चार कुंड्या करायच्या असतील तर. दहा गुंठ्याला ते परवडत नाही.

एक स्टार कापला तो यासाठी की पिशवीवर 'लो ईसी' मोठ्या अक्षरात आहे पण आकडा कुठंच नाही, अर्ध्याच्या आत आहे का एक आहे काय समजायचं आम्ही? तेवढं छापलं तर पेन मागत फिरायला नको. आणि त्याच दुकानात ट्रे घेऊ नका, लई पातळ आहेत, पाणी धरलेला ट्रे एका हातानं उचलला की मधनं वाकतो अन् रोपं खाली.